नव्या रीफ टाकीत कोणते मासे, श्रिंप आणि खेकडे एकत्र नांदतील?

तुम्ही प्रश्नात दिलेली यादी समोर ठेवूनच लिहितो. रीफ टाकी (खाऱ्या पाण्याची, कोरल म्हणजे प्रवाळ ठेवायची) १५० लिटरची, सायकल (टाकीतली घाण पचवणारे जिवाणू तयार होण्याचा काळ) संपून एक आठवडा झालेला, आणि आणायचे आहेत दोन क्लाउनफिश, एक ब्लू टँग, एक मँडरिन मासा, एक सिक्सलाइन रास मासा, एक फायरफिश, ॲनिमोन (फुलासारखा दिसणारा, डंख मारणारा समुद्री जीव), क्लीनर श्रिंप, कोरल बँडेड श्रिंप, निळा तारामासा आणि हर्मिट खेकडे. यातलं कोणाचं कोणाशी जमेल, आणि सगळं एकाच खेपेत आणलं तर चालेल का, असं विचारलंय.

एकाच खेपेत अजिबात नको. शिवाय यातले चार जीव या टाकीत आजच काय, दोन वर्षांनीही नकोत. ते का, हे एकदा कळलं की दुकानात उभं राहून तुमचं तुम्हालाच ठरवता येईल, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

दुकानात माशाखाली 'रीफ सेफ' अशी पाटी असते. तिचा अर्थ इतकाच, की हा प्राणी सहसा कोरल खात नाही. त्या हिशेबाने लायनफिशही रीफ सेफच म्हणायचा. कोरलकडे तो ढुंकूनही बघत नाही, पण तोंडात मावेल तो मासा आणि श्रिंप गिळून टाकतो. म्हणून मी पाटी वाचायचं सोडून दिलं. हा खातो काय, आणि ते माझ्या टाकीत आज आहे का? हा बसतो कुठे, आणि ती जागा आधी कोणी धरली आहे का? पूर्ण वाढल्यावर केवढा होईल, आणि तेव्हा याच्या तोंडात कोण मावेल? एवढं विचारलं तरी निम्मी यादी आपोआप गळते.

पहिला प्रश्न नव्या टाकीत सगळ्यात महत्त्वाचा. सायकल संपली म्हणजे अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, जिवाणू कामाला लागले. घर बांधून झालं, पण कोठीत अजून दाणा नाही. मँडरिन दिवसभर दगडांवरून कोपेपॉड (डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव) टिपत हिंडतो, आणि ते तुमच्या टाकीत आत्ता जेमतेम असतील. तो ते काही आठवड्यांत संपवेल आणि मग झिजत जाईल. दिसायला रंग तसेच राहतात, पोट मात्र आत जातं, पाठीचा कणा वर दिसू लागतो. बंदिस्त पैदाशीचे, गोठवलेलं खाणं खायला शिकलेले मँडरिन मिळतात, पण त्यांच्याही पाठीशी जुनी, कोपेपॉडनी भरलेली टाकी लागते. १५० लिटरमध्ये हा नाद नको.

निळ्या तारामाशाचंही तेच. तो दगडांवरचा सूक्ष्म थर खरवडून जगतो, आणि छोट्या टाकीत तेवढा थर कधी साठतच नाही. माझा आठ महिने टिकला होता. सातव्या महिन्यात मी लोकांना सांगत सुटलो होतो की बघा, सगळे म्हणतात जगत नाही, माझा जगतोय. तो जगत नव्हता, हळूहळू उपाशी मरत होता. नंतर एका पायाची टोकं विरघळायला लागली आणि चार दिवसांत खेळ आटोपला. वाळू चाळणारा तारामासाही याच वाटेने जातो, वाळूतले बारीक जीव संपवतो आणि मग स्वतः संपतो. काही हवंच असेल तर लहान ब्रिटल स्टार घ्या, उरलंसुरलं खाऊन दगडाच्या फटीत सुखाने राहतो. फक्त हिरवा मोठा ब्रिटल स्टार चुकूनही नको, तो रात्री पायांची कमान करून झोपलेले छोटे मासे पकडतो.

ब्लू टँगबद्दल थोडक्यात. दुकानात तो चार-पाच सेंटीमीटरचा गोजिरवाणा दिसतो, पण पूर्ण वाढ ३० सेंटीमीटरच्या आसपास असते आणि त्याला लांबच लांब पोहायला हवं असतं. ६००-७०० लिटरच्या खाली विचार करू नये. अंगावर पांढरे ठिपके येणारा रोग, म्हणजे मरीन इच, टँगना फार लवकर धरतो, आणि तो एकदा टाकीत शिरला की सगळ्या माशांना भोवतो.

आता कोरल बँडेड श्रिंप. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा, लांब नांग्यांचा, फार देखणा प्राणी. पण तो स्वभावाने दांडगा आहे. दुसरे श्रिंप त्याला खपत नाहीत आणि छोट्या टाकीत क्लीनर श्रिंपला पळायला जागाच नसते. दोघांपैकी एकच ठेवायचा असेल तर मी डोळे मिटून क्लीनर श्रिंप घेईन. तो कोणाच्या अध्यात ना मध्यात, मासे त्याच्यापुढे येऊन अंग साफ करून घेतात, आणि काही दिवसांत तुमच्या हातावरही चढायला लागतो. एक खोड आहे, कोरलला घातलेलं खाणं तो त्यांच्या तोंडातून ओढून काढतो. आणि एक दिवस सकाळी तो तुम्हाला तळाशी मेलेला दिसेल. घाबरू नका, आधी दगडामागे बघा. बहुतेक वेळा ती त्याने टाकलेली कात असते आणि मालक अंग कडक होईपर्यंत कुठेतरी लपलेला असतो. नवशिक्यांपैकी निम्मे लोक या कातीसाठी हळहळलेले असतात, मीही त्यातलाच.

पेपरमिंट श्रिंप एप्टेशिया नावाचं उपद्रवी ॲनिमोन खातो म्हणून आणतात. तोही चालेल, पण त्याच्या नावाखाली कॅमल श्रिंप गळ्यात मारला जात नाही ना ते बघा. पाठीवर कुबड आणि अंगावर ठळक पांढऱ्या रेषा असतील तर तो कॅमल, आणि तो कोरलचे पॉलिप कुरतडतो.

क्लाउनफिशची निवड उत्तम. ऑसेलारिस जातीचे, बंदिस्त पैदाशीचे, एक थोडा मोठा आणि एक लहान असे दोन घ्या. सगळी पिल्लं नर म्हणून जन्मतात, जोडीतला वरचढ मासा पुढे मादी होतो, त्यामुळे लहान वयाचे दोन आणले की जोडी आपोआप जुळते. सुरुवातीला मोठा लहानाला रेटतो, लहान आडवा होऊन थरथरतो. ती शरणागती आहे, आजार नाही. तिसरा आणू नका, दुसऱ्या जातीचा क्लाउनफिश तर मुळीच नको.

आणि त्यांना ॲनिमोनची गरज नसते. निसर्गात तो आसरा असतो, टाकीत शिकारीच नाही तर आसरा कशाला? ॲनिमोनला मात्र स्थिर पाणी आणि भरपूर प्रकाश लागतो, त्यामुळे टाकी निदान वर्षाची होऊ द्या. नव्या टाकीत पाणी आवडलं नाही की तो चालायला लागतो, वाटेतल्या कोरलना डंख मारतो, आणि रात्री पंपाच्या जाळीत शिरून चिरडला गेला तर सकाळपर्यंत अख्ख्या टाकीचं पाणी नासवतो.

जागेच्या प्रश्नाकडे येऊ. मासे सगळ्यात जास्त भांडतात ते आपल्यासारख्याच अंगलटीच्या, आपल्याच उंचीवर राहणाऱ्या आणि आपलंच खाणं खाणाऱ्या माशाशी. म्हणून वरच्या पाण्यात क्लाउनफिश, दगडाच्या कपारीत एक रॉयल ग्रामा, दगडावर एक टेलस्पॉट ब्लेनी आणि वाळूत एक गोबी, असे मजले वाटून द्यावे. दोन ग्रामा किंवा दोन ब्लेनी इतक्या लहान टाकीत ठेवू नयेत. फायरफिश चालेल, पण एकटाच. तो अतिशय भित्रा आहे आणि दचकला की थेट टाकीबाहेर उडी मारतो. पाच मिलिमीटरची फट राहिली तरी त्याला ती सापडते, तेव्हा मासा आणण्याच्या आधी जाळीचं झाकण बसवा. हिरवे क्रोमिस थव्याने छान दिसतात म्हणून पाच-सहा घ्यावेसे वाटतात, पण छोट्या टाकीत ते एकमेकांना छळत एकेक करून कमी होतात आणि शेवटी एक उरतो.

सिक्सलाइन रासवर माझा जरा राग आहे, त्यामुळे हे मत तेवढं वजा करून वाचा. माझ्याकडे तो दुसऱ्याच महिन्यात आला. एवढासा मासा, पण सगळे दगड आपलेच समजून बसला. त्यानंतर आणलेल्या फायरफिशला त्याने तीन दिवस कोपऱ्यात कोंडलं, चौथ्या दिवशी फायरफिश गेला. रासला बाहेर काढायला मला जवळजवळ सगळे दगड उचलावे लागले. काहींकडे तो आयुष्यभर शांत राहतो हेही खरं. घ्यायचाच असेल तर सगळ्यात शेवटी घ्या. टाकीत आधी आलेला घरमालक होतो आणि मागून आलेला भाडेकरू, म्हणून भित्रे आधी, दांडगे नंतर. डॅमसेल काटक म्हणून पहिला मासा तोच घ्या असा सल्ला अजूनही मिळतो. तो काटक असतो हे खरंच, पण म्हणूनच नंतर येणाऱ्या प्रत्येकाला तो पुरून उरतो.

तुमच्या यादीत नसलेली एक जोडी मात्र आवर्जून सुचवतो: यलो वॉचमन गोबी आणि पिस्टल श्रिंप. श्रिंपला धड दिसत नाही, पण तो दिवसभर बीळ खणतो. गोबीची नजर तेज, पण त्याला बीळ खणता येत नाही. श्रिंप वाळू बाहेर ढकलायला आला की एक मिशी गोबीच्या अंगाला टेकवून ठेवतो. धोका दिसला की गोबी शेपूट थरथरवतो आणि दोघं आत. दोघांना वेगवेगळ्या कोपऱ्यांत सोडलं तरी बहुधा काही दिवसांत एकमेकांना शोधून काढतात. माझ्याकडे त्यांना एकत्र यायला नऊ दिवस लागले होते, आणि त्या नऊ दिवसांत मी घरच्यांशी कमी आणि टाकीशी जास्त बोललो. यासाठी वाळू पाच-सहा सेंटीमीटर हवी, आणि दगड वाळूवर न ठेवता थेट तळाच्या काचेवर टेकवलेले हवेत. नाहीतर श्रिंप खालून पोखरतो आणि दगड कोसळतो. अधूनमधून 'टक' असा आवाज येईल. काच तडकली असं वाटतं, पण ती त्याची नांगी असते.

साफसफाईच्या पथकाचं गणित दुकानं फुगवून सांगतात. आत्ता टाकीत तपकिरी थर धरायला लागला असेल, ते डायटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. त्यासाठी आठ-दहा गोगलगायी पुरेत: ट्रोकस आणि सेरिथ मुख्यतः, आणि दोन-तीन नसेरियस. ट्रोकस उलटी पडली तर स्वतः सरळ होते, ॲस्ट्रिया होत नाही, तिला रोज हाताने उचलावी लागते. नसेरियस शेवाळ खात नाही, ती वाळूत गाडून घेते आणि खाण्याचा वास आला की एकदम सोंड वर काढून बाहेर येते. हर्मिट खेकडे तीन-चारच घ्या आणि सोबत थोडे मोठे रिकामे शंख टाकीत ठेवा. मनासारखा शंख मिळाला नाही की ते गोगलगाय मारून तिचा शंख घेतात. पुरेसे शंख ठेवूनही माझ्या एकाने हा उद्योग केलाच आहे, तेव्हा फार विश्वास टाकू नका.

पाण्यात सोडण्याबद्दल. पाण्याचा सापेक्ष घनतांक (यावरून क्षारता कळते) १.०२५च्या आसपास, तापमान २५-२६ अंश. परजीवी कमी राहावेत म्हणून काही दुकानं माशांच्या टाक्यांत मीठ मुद्दाम कमी ठेवतात, म्हणून पिशवीतलं पाणी मोजल्याशिवाय काहीही आत सोडू नका. श्रिंप, गोगलगायी आणि तारामासे यांना क्षारतेतला झटका सोसत नाही, त्यांना बारीक नळीने थेंब थेंब पाणी देत तास-दीड तास घ्या. लांबून पिशवीत आलेल्या माशाला मात्र इतका वेळ लावू नका. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया जास्त विषारी होतो. त्यासाठी वेगळ्या टाकीतली क्षारता पिशवीइतकी आधीच करून ठेवा आणि मासा लगेच हलवा.

ती वेगळी टाकी म्हणजे क्वारंटाइन. प्रत्येक मासा तिथे चार ते सहा आठवडे. इचवर चालणारं तांब्याचं औषध बिनकण्याच्या प्राण्यांना मारतं, त्यामुळे मुख्य टाकीत ते कधीही घालता येत नाही. तिथे इच शिरला तर सगळे मासे बाहेर काढून टाकी साधारण अकरा आठवडे माशांविना ठेवावी लागते.

कोरलचं यादीत काही नाही, पण आणालच, म्हणून एकच सूचना. झोअँथिड (छोट्या बटणांसारखा दिसणारा, कोरलमध्येच गणला जाणारा जीव) असलेला दगड कधीही उकळू नका किंवा गरम पाण्यात घासू नका. काहींमध्ये पॅलिटॉक्सिन हे घातक विष असतं आणि ते वाफेबरोबर श्वासात जातं. हाताळताना हातमोजे आणि चष्मा घाला.

मी तुमच्या जागी असतो तर या आठवड्यात फक्त गोगलगायी आणल्या असत्या आणि फायरफिश क्वारंटाइनमध्ये ठेवला असता. पुढच्या महिन्यात क्लीनर श्रिंप. फायरफिश मुख्य टाकीत स्थिरावला की गोबी आणि पिस्टल श्रिंप, त्यानंतर क्लाउनफिशची जोडी, आणि दर वेळी मध्ये दोन-तीन आठवडे थांबून अमोनिया तपासला असता. ग्रामा किंवा ब्लेनी यांपैकी एक सगळ्यात शेवटी, म्हणजे एकूण पाच मासे. सिक्सलाइन हवाच असेल तर त्या शेवटच्याच्या जागी, आणि त्याच्यानंतर कोणीही नाही.