त्याचं 'नको' आधी ऐका

ताई, तुमचा पाच वर्षांचा मुलगा संध्याकाळी व्यायामाला घेतलं की किंचाळतो, मागे कमान करून अंग झोकून देतो, हात चावतो, आणि घरचे 'लाडावून ठेवलंय' म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. माझी मुलगी आता चौदाची आहे. तिलाही सीपी आहे, म्हणजे सेरेब्रल पाल्सी, लहानपणीच मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा न राहणं. तिला बोलता येत नाही. तुमचं वर्णन वाचताना तिची ती वर्षं डोळ्यांसमोर आली.

ती कमान म्हणजे हट्ट नव्हे. राग आला, भीती वाटली, की या मुलांचे स्नायू आणखी कडक होतात आणि अंग ताब्यात राहत नाही. अशा वेळी हातपाय ओढून सरळ करायला गेलात तर कडकपणा वाढतो. खुबे आणि गुडघे दुमडून, मान किंचित पुढे घेऊन त्याला कुशीत धरा. कसं धरायचं हे फिजिओकडून एकदा प्रत्यक्ष शिकून घ्या.

पण त्याआधी दुखणं शोधा. सीपी असलेल्या चारपैकी साधारण तिघांना काही ना काही दुखत असतं, आणि चारपैकी एकाला बोलून सांगता येत नाही. माझी मुलगी रोज स्टँडरमध्ये, म्हणजे आधार देऊन उभं ठेवणाऱ्या चौकटीत, उभी केली की रडायची. मी कित्येक आठवडे 'कंटाळा करते' म्हणून तिला उभीच ठेवलं. एक्स-रे काढला तेव्हा खुबा सरकत चाललेला दिसला. ते आठवडे मला आजही विसरता येत नाहीत. म्हणून सांगते, खुब्याचा एक्स-रे शेवटचा कधी काढला ते बघा. पोट रोज साफ होतं का? जेवणानंतर आडवं केलं की जास्त रडतो का? दात किडलाय का, पायाला आधाराला बांधतात ती स्प्लिंट काढल्यावर पायावरचा लाल वळ बराच वेळ राहतो का? फिट्सचं औषध चालू असेल तर तेही लक्षात घ्या; लेव्हेटिरासिटामने काही मुलं फार चिडचिडी होतात. औषध मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

हे सगळं ठीक निघालं, तर मग प्रश्न 'नको' म्हणायच्या सोयीचा. दिवसभर कुणीतरी त्याला उचलतं, वळवतं, भरवतं, ताणतं. त्याला विचारतं कोण? आम्ही 'नको' आणि 'थांब' अशी दोन चित्रं समोर ठेवली. तिने नजरेने 'थांब' दाखवलं की थांबायचं, वीस आकडे मोजायचे, मग पुढे जायचं. व्यायाम टळत नव्हता, पण आधी पाय की हात हे ती ठरवायची. प्रश्न विचारून मनात दहा मोजा. उत्तर द्यायला त्याला वेळ लागतो आणि आपण घाईने पुढचा प्रश्न टाकतो. काही महिन्यांत तिचं हात चावणं बरंच कमी झालं. संध्याकाळी तो थकलेला असेल, तर व्यायाम सकाळी घेऊन बघा.

मोबाईलसाठी रडला तर मात्र द्यायचा नाही, सीपी असली तरी. तिथे घरच्यांचं बरोबर आहे, फक्त सगळ्यांनी एकच उत्तर द्यायला हवं.

रडणं अचानक नवीन सुरू झालं आणि कशानेच थांबत नसेल, तर त्याच दिवशी दाखवा.

एका वहीत आठवडाभर वेळ, रडण्याआधी काय चाललं होतं आणि कशाने शांत झाला, एवढंच लिहा. मग मला कळवा, आपण ते एकत्र बघू.