जुनी गाडी दान केली तर टॅक्स नक्की किती वाचतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. न्यू जर्सीतल्या एडिसनला स्वतःचं घर, दोघांच्या नोकऱ्या, एकत्र उत्पन्न साधारण १ लाख ८० हजार डॉलर. दारात २००९ ची कोरोला, १ लाख ६८ हजार मैल झालेली. ट्रान्समिशन झटके देतंय आणि मेकॅनिक दुरुस्तीचे २,८०० सांगतोय. केली ब्लू बुकवर (वापरलेल्या गाड्यांचे भाव सांगणारं संकेतस्थळ) चांगल्या स्थितीतल्या अशा गाडीची किंमत ४,२०० दिसते. रेडिओवर ‘गाडी द्या, टॅक्समध्ये सूट घ्या’ अशी जाहिरात ऐकलीत. ३१ डिसेंबर २०२५ च्या आत गाडी दिली तर ४,२०० ची वजावट मिळेल का, आणि नाहीतर गाडी विकून ते पैसे गावाकडच्या शाळेला पाठवले तर चालेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचं उत्तर नाही. ४,२०० ची वजावट मिळणार नाही, बहुतेक त्याच्या आसपासही नाही. मी सीपीए (परवाना असलेला हिशोबनीस) नाही, पण गेल्या वीस-बावीस वर्षांत दोन गाड्या दान केल्या, एक विकून पैसे दिले, आणि पहिल्या वेळी अगदी तुमच्यासारखाच हिशोब मनात धरून बसलो होतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पूर्वी खरंच तसं चालायचं. लोक ब्लू बुकातली किंमत फॉर्मवर लिहायचे आणि मोकळे व्हायचे. मग अमेरिकी संसदेच्या लेखापाल कार्यालयाने २००३ मध्ये ५४ दान केलेल्या गाड्यांचा माग काढला. जवळजवळ दोन तृतीयांश गाड्यांच्या बाबतीत, दात्याने जेवढी किंमत टॅक्समध्ये दाखवली होती त्याच्या पाच टक्के किंवा त्याहूनही कमी रक्कम संस्थेच्या हाती पडली होती. २००४ मध्ये कायदा बदलला आणि १ जानेवारी २००५ पासून नियम असा झाला: संस्थेने गाडी विकली आणि तुम्हाला ५०० डॉलरपेक्षा जास्त वजावट हवी असेल, तर गाडी प्रत्यक्ष जेवढ्याला विकली गेली तेवढीच वजावट. ब्लू बुक काय म्हणतं याला तिथे काही अर्थ नाही. गाडी ५०० किंवा त्याहून कमीला गेली तर ५०० किंवा गाडीची बाजारभावाची किंमत, यातली जी कमी ती घेता येते.

या गाड्या कुठे विकल्या जातात तेही लक्षात घ्या. बऱ्याच संस्था गाडीला हातही लावत नाहीत. मधली एक कंपनी टो करून नेते, घाऊक लिलावात उभी करते, टो आणि लिलावाचा खर्च आणि स्वतःचा वाटा कापून उरलेलं संस्थेला देते. ट्रान्समिशन गेलेली कोरोला अशा लिलावात एखादा डीलर नाहीतर भंगारवाला घेतो. माझी पहिली गाडी २०११ मध्ये गेली, ४२५ डॉलरला. मी मनात तीन हजार धरले होते. पावती हातात आल्यावर मला पैशांपेक्षा त्या संस्थेचं वाईट वाटलं. चारशेतून टो आणि कमिशन गेल्यावर त्यांना काय उरलं असेल?

आता तुमचा हिशोब. गाडीच्या दानाची वजावट शेड्यूल ए भरणाऱ्यालाच, म्हणजे आयटमाइझ करणाऱ्यालाच (प्रत्येक वजावट वेगवेगळी दाखवणाऱ्यालाच) मिळते. २०२५ साठी पती-पत्नी एकत्र रिटर्न भरत असतील तर स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे सगळ्यांना मिळणारी ठरावीक सरसकट वजावट, ३१,५०० आहे. तुमच्या सगळ्या वजावटी मिळून तेवढ्या होत नसतील तर गाडी दान करा, मोफत द्या, काहीही करा, टॅक्समध्ये शून्य फरक. गेली काही वर्षं न्यू जर्सीतली आपली बरीच मंडळी याच कारणाने आयटमाइझ करत नव्हती, कारण प्रॉपर्टी टॅक्स आणि राज्याचा टॅक्स मिळून १०,००० च्या वर धरताच येत नव्हतं. २०२५ साठी ती मर्यादा ४०,००० झाली आहे (५ लाखांच्या वर उत्पन्न असेल तर ती कमी होत जाते, तुम्हाला तो प्रश्न नाही). समजा तुमचा प्रॉपर्टी टॅक्स १२,०००, राज्याचा टॅक्स ९,००० आणि मॉर्गेजचं व्याज १३,०००. झाले ३४,०००. म्हणजे २०२५ ला तुम्ही रेषेच्या पलीकडे आहात आणि दानाचा प्रत्येक डॉलर मोजला जाईल. हे आकडे मी अंदाजाने धरलेत, तुमचे खरे आकडे घालून आधी हेच तपासा. बाकी सगळं त्यानंतर.

२२ टक्क्यांचा ब्रॅकेट धरला आणि गाडी लिलावात ७०० ला गेली, तर फेडरल टॅक्स वाचेल १५४ डॉलर. न्यू जर्सी राज्याच्या टॅक्समध्ये अशा दानाला वजावटच नाही. आता दुसरी बाजू बघा. हीच गाडी तुम्ही ‘ट्रान्समिशन खराब आहे, आहे तशी घ्या’ असं स्पष्ट लिहून स्वतः विकायला काढलीत आणि समजा १,८०० आले. स्वतःची वापरातली गाडी खरेदीच्या किमतीपेक्षा कमीत विकली तर त्यावर टॅक्स लागत नाही. ते १,८०० रोख दान केलेत तर वाचतील ३९६ डॉलर, आणि संस्थेला पूर्ण १,८०० मिळतील. तुमचाही फायदा दुपटीहून जास्त आणि संस्थेचा त्याहून मोठा. विकायला दोन-तीन शनिवार जातील, अनोळखी माणसं येऊन बॉनेट उघडून बघतील, घासाघीस करतील. तेवढा वेळ असेल तर माझं मत स्वच्छ आहे: विका आणि पैसे द्या. २५० किंवा त्याहून मोठ्या रोख दानाला संस्थेची लेखी पावती लागते, ती रिटर्न भरायच्या आधी हातात हवी.

वेळ नसेल, गाडी चालतच नसेल, किंवा अनोळखी माणसांशी व्यवहार नको असेल, तर दान करणं चांगलंच आहे. पण मग संस्था निवडताना एक प्रश्न नक्की विचारा: गाडी तुम्ही विकणार की कोणाला चालवायला देणार? कायद्यात याला वेगळी जागा आहे. संस्थेने गाडी स्वतःच्या कामासाठी खरोखर वापरली, उदाहरणार्थ वर्षभर रोज गरजूंना जेवण पोचवायला, किंवा तिची मोठी दुरुस्ती केली (रंग मारणं, पोचे काढणं यात धरत नाहीत), किंवा वाहनाची गरज असलेल्या गरीब माणसाला बाजारभावापेक्षा खूप कमी किमतीत दिली, तर विक्रीची मर्यादा लागू होत नाही आणि बाजारभावाची वजावट घेता येते. मेरीलँडमधली व्हेइकल्स फॉर चेंज अशा प्रकारचं काम करते. दान आलेल्या गाड्या दुरुस्त करून त्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना अगदी कमी किमतीत देतात, आणि तुरुंगातून सुटून आलेल्यांना तिथेच मेकॅनिकचं काम शिकवतात. या देशात बस जात नाही अशा ठिकाणची नोकरी गाडीशिवाय धरून ठेवता येत नाही, हे आपण सगळ्यांनी पहिल्या वर्षी अनुभवलंय. माझी दुसरी गाडी मी जवळच्या अशाच एका संस्थेला दिली आणि ती कुणा कुटुंबाकडे गेली एवढंच मला कळवलं गेलं. त्या एका ओळीचा आनंद मला अजून आहे. मात्र तुमच्या गाडीचं ट्रान्समिशन बघून ते दुरुस्तीला घेतील की सरळ विकतील, हे आधी फोन करून विचारा. आणि बाजारभाव म्हणजे आहे त्या स्थितीतला भाव. झटके देणाऱ्या गाडीला ४,२०० लावता येत नाहीत.

कागदांकडे येतो, कारण अडकतं ते इथेच. संस्था ५०१(सी)(३), म्हणजे दानावर वजावट मिळणारी नोंदणीकृत संस्था, आहे का ते आयआरएसच्या (अमेरिकेच्या टॅक्स खात्याच्या) संकेतस्थळावर नाव टाकून बघा, जाहिरातीतल्या नावावर जाऊ नका. पुष्कळदा जाहिरात एकाची, संस्था दुसऱ्याची असते. ५०० च्या वर वजावट घ्यायची तर फॉर्म १०९८-सी, म्हणजे गाडीच्या दानाची संस्थेने दिलेली अधिकृत पावती, लागतो. संस्थेने तो विक्रीपासून ३० दिवसांत द्यायचा असतो. त्यातल्या ४सी रकान्यात विक्रीची एकूण रक्कम असते, तीच तुमची वजावट. सातवा रकाना टिक केलेला असेल तर ५०० च्या वर काही मिळत नाही. रिटर्नबरोबर १०९८-सीची प्रत बी आणि फॉर्म ८२८३ (रोख सोडून इतर दानाचा फॉर्म) जोडावा लागतो. १५ एप्रिलपर्यंत १०९८-सी आला नाही तर मुदतवाढ घ्या, किंवा ती वजावट न धरता रिटर्न भरा आणि फॉर्म आल्यावर १०४०-एक्सने दुरुस्ती करा. अंदाजाने आकडा टाकू नका.

३१ डिसेंबरबद्दल: तुम्ही गाडी आणि टायटल (मालकीचा कागद) ज्या दिवशी ताब्यात दिलं तो दिवस धरतात. गाडी जानेवारीत विकली गेली तरी वजावट २०२५ चीच. म्हणून टोवाल्याकडून तारीख घातलेली पावती मागून घ्या, आणि फोन आजच करा, ख्रिसमसनंतरच्या आठवड्यात टोची वेळ मिळणं कठीण जातं. टायटलवर संस्थेचं नाव लिहूनच सही करा. नावाची जागा कोरी ठेवून सही कितीही आग्रह झाला तरी देऊ नका. २०२५ मध्येच देण्याला अजून एक कारण आहे. २०२६ पासून आयटमाइझ करणाऱ्यांना उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंतचं दान धरताच येणार नाही. तुमच्या १ लाख ८० हजारांवर ते ९०० होतात. म्हणजे वर्षभरात दुसरं दान नसेल तर ७०० ची गाडी २०२६ मध्ये शून्य. आयटमाइझ न करणाऱ्यांना २०२६ पासून एकत्र रिटर्नवर २,००० पर्यंत वजावट मिळेल, पण फक्त रोख दानाची, गाडीची नाही.

इथे कोणी एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल आणि परत जाताना गाडी द्यायचा विचार असेल, तर भारतीय विद्यार्थ्यांना भारत-अमेरिका कर करारानुसार १०४०-एनआरवरही (अनिवासींच्या रिटर्नवरही) स्टँडर्ड डिडक्शन मिळतं. त्यामुळे गाडीच्या दानाने टॅक्समध्ये सहसा काहीच हलत नाही. मित्राला स्वस्तात द्या.

तुमचा दुसरा प्रश्न, गावाकडची शाळा. थेट शाळेच्या खात्यात पाठवलेल्या पैशांना अमेरिकेत वजावट नाही. शाळेकडे भारतातलं ८०जी (तिथे दात्याला करसवलत देणारं प्रमाणपत्र) असलं तरी इथे त्याचा उपयोग नाही. इथे नोंदणी असलेल्या संस्थेमार्फत द्यावं लागतं. महाराष्ट्र फाउंडेशन १९७८ पासून अमेरिकेतून हे काम करतंय. मात्र दान त्या संस्थेला असतं, ‘अमुक शाळेलाच द्या’ अशी सक्ती घालून नाही. पैसे कुठे जायचे याचा शेवटचा निर्णय संस्थेचा असावा लागतो. तुमच्यासाठी ती विशिष्ट शाळाच महत्त्वाची असेल तर टॅक्सचे तीन-चारशे डॉलर विसरून थेट पाठवा. मी तेच केलं असतं.

आणि नंबर प्लेट. पहिल्या वेळी मी त्या गाडीवरच राहू दिल्या, दोन महिने पुलाच्या टोलची बिलं माझ्या नावावर येत राहिली आणि ती माझी नाहीत हे पटवायला पत्रं लिहावी लागली. प्लेट स्वतः काढा, मोटार व्हेइकल कमिशनला परत करून पावती घ्या, आणि ती हातात आल्यावरच विमा बंद करा. काचेवरचा ई-झी पास (टोल आपोआप कापणारं उपकरण) त्याच वेळी काढून घरात आणा.