नकार आला? आधी तारीख बघा

परदेशात आश्रय (असायलम) मागितला आणि नकाराचं पत्र हातात पडलं, की पायाखालची जमीन सरकते. पण त्याच दिवशी कुणी विमानात बसवत नाही. बहुतेक देशांत अपिलाची वाट असते. पत्रावरची तारीख बघा आणि पाकीट फेकू नका, पत्र कधी मिळालं यावर वाद झाला तर टपालाचा शिक्का कामी येतो. मुदत फार तोकडी असते. ब्रिटनमध्ये राहून अपील करायचं तर निर्णय पाठवल्यापासून 14 दिवस. वकील परवडत नसेल तर मोफत कायदेशीर मदत आजच मागा.

मग नकाराची कारणं ओळीओळीने वाचा. बऱ्याचदा आक्षेप असतो तो जबाबातल्या विसंगतीवर. मुलाखतीची प्रत मागवून ताडून बघा. इराणी किंवा इथिओपियन कालगणनेतली तारीख इंग्रजी तारखेत बदलताना दुभाष्याकडून चुकली, तरी खरा माणूस खोटा ठरू शकतो.

अपील केलं म्हणजे तिथे राहता येईलच, असं धरून चालू नका. काही प्रकरणांत त्यासाठी वेगळा तातडीचा अर्ज लागतो. अपील फेटाळलं आणि नंतर नवा, भक्कम पुरावा मिळाला, तर अनेक देशांत पुन्हा अर्ज करता येतो. पत्ता बदलला तर लगेच कळवा. ‘गायब हो’ म्हणणाऱ्या दलालाचं मात्र अजिबात ऐकू नका.