लायसन्स मुलीचं, दुकान भावाचं?

प्रश्न : मुलगी कराडला बी.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विट्यात मेडिकलसाठी गाळ्याचा विसार दिला, मग तिला सांगितलं, तर रुसून बसली. लायसन्स तिच्या नावावर, दुकान धाकटा मुलगा बघेल. ती म्हणते, गोळ्यांच्या कारखान्यात कंटिन्युअस ब्लेंडिंग शिकायचंय. पावडर कालवायला चार वर्षं शिकवलं का? शिवाय ते सगळं आपोआप चालतं म्हणे. तिची समजूत घाला.
– एक पालक, विटा

उत्तर : समजूत घालतो, पण तुमची. आधी विसार, मग मुलीला सांगणं. ती रुसली नसती तरच नवल. त्याहून खटकलं ते लायसन्सचं. भिंतीवर फार्मासिस्टचं सर्टिफिकेट आणि काउंटरवर भलताच माणूस, हे सर्रास चालतं म्हणून कायद्यात बसत नाही. चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच द्यावं लागतं. उद्या तपासणीत काही निघालं तर निस्तरायचं तिनं, गल्ला भावाकडे! मुलाला दुकानाची हौस असेल आणि तो बारावी सायन्स असेल, तर त्याला दोन वर्षांचं डी.फार्म. करू द्या.

आता ‘कालवणं’. २०० मिलिग्रॅमच्या गोळीत औषध ५ मिलिग्रॅम असेल, तर ते प्रत्येक गोळीत तेवढंच उतरायला हवं. जुन्या, म्हणजे बॅच पद्धतीत सगळा माल एकदम ब्लेंडरमध्ये भरतात, ठरलेली मिनिटं फिरवतात, नमुने काढतात. कंटिन्युअसमध्ये माल न थांबता वाहत राहतो. फीडर, म्हणजे पावडर सोडणारं यंत्र, स्वतःच्या हॉपरचं (पावडर भरायच्या नरसाळ्यासारख्या टाकीचं) वजन किती घटतंय ते सतत मोजत पावडर सोडतो. गोची होते हॉपर पुन्हा भरताना. वजन वाढत असतं, त्यामुळे घट मोजता येत नाही आणि फीडर तेवढा वेळ अंदाजाच्या वेगाने चालतो. वरून पडलेल्या मालाने खालची पावडर दबली, की त्याच वेगात जास्त माल जातो. क्षणभराचा चढउतार ब्लेंडर जिरवतो, लांबलेला नाही. पुढे एनआयआर सेन्सर (इन्फ्रारेड प्रकाशाने मिश्रण तपासणारा) बिघाड दाखवेल. पण कुठपासून कुठपर्यंतचा माल बाजूला काढायचा, हे पावडर आत किती वेळ रेंगाळते यावरून आधी कुणीतरी ठरवावं लागतं. तो ‘कुणीतरी’ म्हणजे तुमची मुलगी. आपोआप चालणाऱ्या लाईनला अडाणी माणूस चालत नाही, एवढाच फरक.

ही हवेतली गोष्ट नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामकाने, २०१५ मध्ये या पद्धतीने बनणाऱ्या ऑर्कांबी या सिस्टिक फायब्रोसिसवरच्या गोळीला मान्यता दिली. औषधांचे नियम देशोदेशी जुळवणाऱ्या आयसीएच या संस्थेची कंटिन्युअस उत्पादनावरची क्यू-१३ मार्गदर्शक तत्त्वं २०२२ ची.

मुलीलाही एक सांगा. आपल्याकडे बहुतेक कारखाने अजून बॅचवरच चालतात. पहिली नोकरी शिफ्टची, धुळीची आणि बॅच रेकॉर्ड भरण्याची असेल. विट्यात तर नसेलच. जीपॅट (एम.फार्म.ची प्रवेश परीक्षा), नायपर (औषधशास्त्राच्या राष्ट्रीय संस्था), एमपीएससीतून औषध निरीक्षक, हे रस्ते तिला कॉलेजात कळले असतीलच.

विसार परत मिळतो का बघा. बुडाला तर बुडाला. आणि शिफ्ट, हॉस्टेल, पगार यांचं जे विचारायचं असेल, ते तिला स्वतः लिहू द्या.