लेझरनं शॉक दिलेल्या लोखंडाला त्याच वेळी एक्स-रे काहून लावतात? गाइड म्हणतात तुकडा नंतर कापून पाहा, चालन का?

नंतर कापून पाहणं म्हणजे वरातीमागून घोडं. साधारण 13 गिगापास्कलच्या वर, म्हणजे हवेच्या दाबाच्या सव्वा लाख पटीहून जास्त दाब पडला की लोखंडातल्या अणूंची रचना बदलून षटकोनी होते अन् दाब गेला की परत पहिल्यासारखी. कापात साधंच लोखंड दिसणार.

याच्यावरूनच एमएस्सीच्या व्हायव्हात माझं वाजलं होतं भाऊ. बाहेरून आलेल्या सरांनी माझ्या प्रोजेक्टमधला फोटो, नायटल (रचना उठून दिसायला लावतात ते अ‍ॅसिडचं द्रावण) लावलेल्या लोखंडाचा, खिडकीकडं धरला, कणांमधल्या बारीक समांतर रेघांवरून पेनाचं टोपण फिरवलं अन् म्हणे, यात कुठं आहे तुझी षटकोनी रचना? मी म्हटलं सर, या रेघा शॉक येऊन गेल्याचा माग आहे, ती रचना तेवढे काही नॅनोसेकंदच, म्हणजे सेकंदाचे काही अब्जांश भागच असते. 2005 मध्ये लेझरचा शॉक लोखंडातून जात असतानाच एक्स-रे डिफ्रॅक्शन (अणूंच्या थरांवरून एक्स-रे कोणत्या कोनात वळतात ते मोजणं) घेऊन हा बदल थेट दाखवला होता, त्या पेपरची झेरॉक्स होती माझ्याजवळ, पुढं केली, त्यांनी हातात घेतली नाही. म्हणे, मायक्रोस्कोपात नाही म्हणजे नाही. मार्क कापले अन् जाताना गाइडला सांगून गेले की खेड्यातलं पोरगं आहे, ऐकीव बोलते. आजही डोकं फिरते.

लेझर पडला की वरचा थर प्लाझ्मा होऊन उडते, त्याच्या रेट्यानं शॉक आत जाते, नॅनोसेकंदाला 5 मायक्रॉन धरा, म्हणजे 50 मायक्रॉनचा पत्रा 10 नॅनोसेकंदात पार. तेवढ्यातच लेझरचे दुसरे बीम वेगळ्या धातूच्या फॉइलवर मारून एक्स-रेचा झोत काढतात, स्टॅनफर्डच्या एलसीएलएससारखा एक्स-रे लेझर असला तर तो झोत फेमटोसेकंदांचा, म्हणजे नॅनोसेकंदाहूनही लाखो पटीनं छोटा. थरांमधलं अंतर घटलं की डिफ्रॅक्शनचा कोन वाढते, रचना बदलली की नव्या रेषा येतात. व्हायझार हे लेझरनं वेग मोजायचं यंत्र पृष्ठभागाचा वेग सांगते, अणू कसे बसले ते नाही.

आता, एक्स-रेनंही तापमान नीट कळत नाही अन् शॉक अर्ध्यात असला तर दाबलेला अन् न दाबलेला भाग एकाच चित्रात येते. कापणंही अगदीच वाया नाही, आपल्या लोणारच्या बसाल्टातलं फेल्डस्पार हे खनिज उल्केच्या आघातानं काच झालं, मॅस्केलिनाइट म्हणतात, ते अजून तसंच आहे. पण लोखंडात ते सर चुकलेच होते. गाइड ऐकत नसन तर विषय सोडू नका, गाइड बदला. डिफ्रॅक्शन हातानं शिकायचं असन तर इंदूरला इंडस-2 या एक्स-रे देणाऱ्या मोठ्या यंत्रावर विद्यापीठाकडून अर्ज करता येते.