पोरगा रात्रभर बॉम्बस्फोटाचं कारण शोधत बसतो, काय करू?

मागच्या आठवड्यात परत एका आईचा फोन आला. कुठे स्फोट झाल्याची बातमी आली की मुलगा तीन-तीन दिवस फोनमध्ये डोकं घालून बसतो, कोणी केला, का केला, मागे कोण आहे, त्याच्या स्वतःच्या मनात काही वाईट तर नाही ना ताई? ही भीती बऱ्याच घरांत आहे, म्हणून एक जुनी केस सांगते. त्या मुलाला विचारूनच लिहितेय, आणि ओळख पटेल असं सगळं बदललंय.

2021 चा मार्च संपत आला होता, धुळ्यात ऊन तापायला लागलेलं. साक्री तालुक्यातलं एक जोडपं मुलाला घेऊन आलं, मुलगा 22 वर्षांचा, पुण्याला इंजिनिअरिंगला, पण कॉलेज बंद म्हणून वर्षभर घरीच. आई बसायच्या आधीच म्हणाली, "ताई, पोऱ्या रातभर जागस, काय करस काय माहीत." वडिलांनी (गावात त्यांना जिभाऊ म्हणतात) खिशातून वहीचं एक पान काढलं, घड्या घालून घालून फाटायला आलेलं. त्यावर टॉवर, गाडी, लाल पेनाने बाण आणि मध्यभागी मोठ्या अक्षरात 'का?'. बिचाऱ्या जिभाऊंना वाटत होतं की आपलंच पोरगं काहीतरी करायच्या तयारीत आहे, आणि या धास्तीने ते महिनाभर धड झोपले नव्हते.

ते पान अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरातल्या स्फोटाचं होतं. 25 डिसेंबर 2020, तिथे नाताळची सकाळ, साडेसहा वाजलेले, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे सहा. एका टेलिफोन कंपनीच्या बिल्डिंगसमोर उभ्या केलेल्या मोठ्या गाडीतून आधी स्पीकरवर सूचना आली की इथून निघून जा, बॉम्ब आहे, पोलिसांनी घरोघरी दारं वाजवून लोक बाहेर काढले, आणि मग स्फोट झाला. मेला फक्त गाडीतला माणूस, अँथनी वॉर्नर, वय 63. आता स्वतःच लोकांना सावध करणारा बॉम्बवाला म्हटल्यावर सगळेच चक्रावले, कोणी म्हणालं 5जीवर राग होता, कोणी म्हणालं गाडीत स्फोट झालाच नाही, वरून मिसाईल आलं.

मी आईवडिलांना बाहेर चहाला पाठवलं आणि मुलाला आधी सरळच विचारलं, तुला मरावंसं वाटतं का, कोणाला मारावंसं वाटतं का. हे विचारायला घाबरू नका, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. तो म्हणाला नाही, आणि त्याच्याकडे बघून मला ते पटलं.

मग तो एफबीआयवर, म्हणजे अमेरिकेच्या तपास यंत्रणेवर, घसरला. नुकताच 15 मार्चला त्यांनी निष्कर्ष दिला होता की वॉर्नर एकटाच होता, त्याला स्वतःचं आयुष्य संपवायचं होतं, आयुष्यातले ताण, संशयी झालेलं मन, चित्रविचित्र थिअऱ्यांवरचा विश्वास, तुटत गेलेली नाती, हेच सगळं त्यामागे. "एवढंच? एवढ्यासाठी कोणी आख्खी गल्ली उडवतं का मॅडम?" हे त्याने मला चार वेळा तरी विचारलं असेल, आणि चौथ्या वेळी आवाज फुटला तेव्हा माझ्या लक्षात आलं की याला वॉर्नरचं काही पडलेलं नाही, ही केस बंद होणं याला परवडत नाहीये.

का ते दुसऱ्या भेटीत कळलं. डिसेंबरमध्ये त्याने एका अनोळखी माणसाचा फोटो 'हा साथीदार' म्हणून 43 जणांना पाठवला होता, त्यांनी पुढे ढकलला. साथीदार कोणी नव्हताच. कट निघाला तरच तो बरोबर ठरणार होता, म्हणून पोरगं तीन महिने रात्री जागून कट शोधत होतं.

त्याचं मामाचं गाव पिंपळनेरकडचं. मी फक्त त्याच भागातल्या राईनपाडा गावाचं नाव घेतलं आणि तो खाली बघायला लागला. 1 जुलै 2018, रविवारचा बाजार, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत आलेली, मोबाईलवर मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आधीच फिरत होते, आणि जमावाने त्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जीव जाईपर्यंत मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा जाहीर केली. हे मी त्याला घाबरवायला काढलं नाही, पण त्या फोटोतल्या माणसालाही घर असेल, हे त्याला तोवर कोणी म्हटलंच नव्हतं.

त्याने स्वतःच ठरवलं, त्याच 43 जणांना लिहायचं की तो फोटो चुकीचा होता, मी खात्री न करता पाठवला, डिलीट करा आणि पुढे कोणाला पाठवला असेल तर त्यांनाही कळवा. माझ्यासमोर बसून टाईप केलं, बोटं थरथरत होती, तीन वेळा खोडलं. सहा जणांचं उत्तर आलं, त्यातल्या एकाने शिव्या घातल्या.

तर त्या फोनवरच्या ताईंना आणि तुम्हाला सांगते, फोन हिसकावू नका. जिभाऊंनी हिसकावला तर पोरगं आईचा फोन घेऊन गच्चीवर बसायला लागलं. शेजारी बसून विचारा, तुला काय सापडलं, तू कोणाला काय पाठवलंस, आणि उत्तर ऐकताना चिडू नका. कुतूहल म्हणजे आजार नाही. पण झोप-जेवण सुटलं, घरच्यांवर शेजाऱ्यांवर संशय यायला लागला, मरणाची भाषा आली, तर थांबू नका, सायकियाट्रिस्टकडे जा, नाहीतर 14416 वर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला फोन लावा, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

मे महिन्यात त्याच्या आईचा रात्री साडेअकराला फोन आला, मी दचकूनच उचलला. हळू आवाजात म्हणाली, "ताई, पोऱ्या घोरी ऱ्हायना." म्हणजे, घोरतोय.