वाचकांचे प्रश्न : एच-इंडेक्स कोणता धरायचा?

गूगल स्कॉलरवर माझा एच-इंडेक्स १४ दिसतो, स्कोपसवर ९. बढतीच्या अर्जात कोणता लिहू? – सहयोगी प्राध्यापक, नांदेड

दोन्ही आकडे बरोबर आहेत. गूगल स्कॉलर हे शोधनिबंध शोधण्याचे मोफत साधन, स्कोपस ही वर्गणीची सूची. फक्त दोघांनी मोजलेला ऐवज वेगळा आहे. एच-इंडेक्स ५ म्हणजे किमान ५ सायटेशन (इतर पेपरांनी दिलेले संदर्भ) असलेले ५ पेपर. होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये ही मोजणी सुचवली. ती एकदा हाताने करून पाहा. आपले पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने मांडा. समजा आकडे आले २५, १७, ९, ६, ५, ५, २. पाचव्या पेपरला ५ सायटेशन आहेत, म्हणजे तिथपर्यंत जमले. सहाव्याला किमान ६ हवी होती, आहेत ५. म्हणून एच-इंडेक्स ५. पहिल्या पेपरची सायटेशन २५ ची २,५०० झाली तरी तो ५ वरच राहील, हेही ध्यानात घ्या.

गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या छाननीआधीच प्रसिद्ध केलेले निबंध), पुस्तके, परिषदांतले निबंध असे जे जे सापडेल ते धरतो. स्कोपस मात्र निवडलेली नियतकालिके, परिषदांची इतिवृत्ते आणि पुस्तकेच धरते. त्यामुळे गूगलचा आकडा सहसा मोठा येतो. अर्जात जो मागितला असेल तो लिहा आणि शेजारी स्रोत व पाहिल्याची तारीख टाका. पेपरांची संख्या गूगलवरून आणि सायटेशन स्कोपसवरून अशी सरमिसळ करू नका, छाननीत नेमकी तीच अडते. स्वतःच स्वतःला दिलेली सायटेशन स्कोपसमध्ये वगळून पाहता येतात, गूगलमध्ये ती सोय नाही.

निवड समितीपुढे गणिताच्या उमेदवाराचा एच-इंडेक्स ७ आहे, जीवरसायनशास्त्राच्या उमेदवाराचा २२. तुलना कशी करावी? – प्राचार्य, कोल्हापूर

या दोन आकड्यांची तुलना करूच नका. गणितातल्या पेपरची संदर्भसूची लहान असते, लेखक बहुधा एक ते तीन, आणि सायटेशन सावकाश, कधी कधी दहा वर्षांनी येतात. जीवरसायनशास्त्रात प्रयोगशाळेतले अनेक जण एका पेपरवर असतात, सूच्या लांब असतात आणि दखल लगेच घेतली जाते. नावांच्या क्रमाचा अर्थही वेगळा. गणितात नावे सहसा वर्णानुक्रमे लागतात, तर जीवशास्त्रात शेवटचे नाव बहुधा प्रयोगशाळा-प्रमुखाचे असते. 'प्रथम लेखकाला जास्त गुण' हा नियम गणितज्ञाला लावला, तर आडनाव वर्णमालेत कुठे येते यालाच गुण दिल्यासारखे होते.

क्षेत्रानुसार भारित सायटेशन परिणाम हे माप त्यासाठीच आहे. पेपरची सायटेशन घ्या आणि त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या पेपरांच्या सरासरीने भागा. १ आले तर जगाची सरासरी. समजा गणिताच्या पेपरला ६ सायटेशन आहेत आणि तिथली सरासरी ३, तर उत्तर २. जीवरसायनाच्या पेपरला १८ आणि सरासरी १५, तर १.२. कच्च्या आकड्यांत मागे असलेला पेपर इथे पुढे गेला.

पण हे मापही फसवते. पाच पेपरांचे भागाकार ०.४, ०.५, ०.६, ०.५ आणि ८.० असतील, तर सरासरी २.० येते. प्रत्यक्षात चार पेपर सरासरीहून खाली आहेत आणि सगळा भार एकाच पेपरने उचलला आहे. शिवाय यात प्रकाशनाचे वर्ष आणि पुढची तीनच वर्षे धरतात, म्हणजे उशिरा फळणाऱ्या गणिताचे नुकसान उरतेच. म्हणून पेपर थोडे असतील तेव्हा प्रत्येक पेपर आपल्या क्षेत्रातल्या वरच्या १० टक्क्यांत आहे का, हे वेगवेगळे पाहा. त्याहून चांगले म्हणजे प्रत्येक उमेदवाराकडून त्याच्या पसंतीचे तीन पेपर मागवा आणि ते त्या विषयाच्या माणसाकडून वाचून घ्या. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर उमेदवाराच्या खात्यावर जमा करू नका. तो नियतकालिकातल्या पेपरांच्या सायटेशनची सरासरी सांगतो, या एका पेपरची नव्हे.

लग्नानंतर आडनाव बदलले. स्कोपसवर माझी दोन प्रोफाइल आहेत आणि गूगलवर दुसऱ्याच कुणाचे पेपर माझ्या नावावर आलेत. – संशोधक, नाशिक

आपल्याकडे हे वारंवार होते. कधी वडिलांचे किंवा पतीचे नाव मध्ये येते, कधी नुसती आद्याक्षरे, आणि 'एस. पाटील' तर शेकड्यांनी असतात. आधी ऑर्किडवर, म्हणजे संशोधकांना स्वतंत्र ओळख-क्रमांक देणाऱ्या सेवेवर, मोफत नोंदणी करा. १६ अंकी क्रमांक मिळेल. तिथे जुने नावही नोंदवा. मग स्कोपसच्या लेखक-दुरुस्ती सुविधेत दोन्ही प्रोफाइल निवडून एकत्र करण्याची विनंती पाठवा, प्रत्येक पेपर तपासा आणि ऑर्किडशी जोडणी करा. वर्गणी नसली तरी हे करता येते. गूगल स्कॉलरमध्ये परके पेपर निवडून काढून टाका. एकाच पेपरच्या दोन नोंदी असतील तर दोन्ही निवडून 'मर्ज' करा, पुसू नका. एक नोंद पुसली की तिची सायटेशनही जातात. शेवटी नवे पेपर आपोआप जोडण्याची सोय बंद करून 'आधी मला विचारा' हा पर्याय ठेवा. यापुढे प्रत्येक पेपरवर नाव एकाच तऱ्हेने लिहा.

माझे सारे लेखन मराठीत, पुस्तकरूपात. स्कोपसवर शून्य दिसते. – इतिहासाचे प्राध्यापक, सातारा

तुमच्या विषयात तो शून्य काहीच मोजत नाही. मराठी ग्रंथांच्या तळटिपा तिथे पोचतच नाहीत. अर्जाला स्वतंत्र टिपण जोडा : कोणत्या ग्रंथांनी कोणत्या पृष्ठावर तुमचा आधार घेतला, परीक्षणे कुठे आली, किती आवृत्त्या निघाल्या, कोणत्या अभ्यासक्रमात पुस्तक लागले. त्या त्या पानांच्या छायाप्रती सोबत लावा.